न्यायालयाचा बेलिफ : नेमणूक, वेतन आणि काही शब्द

पुण्यास शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयात एखादा दिवाणी दावा दाखल झाला, म्हणजे न्यायालयाचे पहिले काम प्रतिवादीला ती गोष्ट कळविणे हे असते. दाव्यात तथ्य किती, पुरावा कोणता, ह्या सर्व गोष्टी मागाहूनच्या. ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याला तो ठाऊकच नसेल, तर पुढील कामकाज एकतर्फी होते. आणि एकतर्फी हुकूमनाम्याने ज्याचे घर किंवा शेत जावयाचे, त्याला आपले काय झाले हे कळते तेव्हा दारात जप्तीचा कागद आलेला असतो. समन्स आणणारा बेलिफ आणि जप्तीस येणारा बेलिफ हे एकाच खात्याचे नोकर. पहिला कागद खरोखर पोचला की नाही, ह्याचा निर्णय बहुधा त्याने कागदाच्या पाठीवर लिहिलेल्या दोन-तीन ओळींवरून होतो. अशा ह्या माणसास कोण नेमतो, त्याच्या श्रमाचा मोबदला कोण देतो, आणि मोबदल्याची आजची पद्धत कोणत्या अवस्थांतून आली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे विषयाकडे जाण्याची त्याची वाट पुष्कळदा शब्दांवरून जाते. कायद्याच्या जाणकारांनी ते चालवून घ्यावे.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘बेलिफ’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला, इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून गेला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘बाजुलुस’ ह्या शब्दात आहे. ‘बाजुलुस’ म्हणजे ओझे वाहणारा, हमाल. ओझे वाहणारा पुढे दुसऱ्याचा कारभार वाहणारा झाला, कारभाऱ्याचा अंमलदार झाला, आणि अंमलदाराचा शेवटी न्यायालयाचे कागद वाहणारा नोकर झाला. म्हणजे शब्द फिरून ओझ्यापाशीच आला. ह्या बेलिफांवर देखरेख करणारा अधिकारी तो नाझर. हा शब्द अरबी. ‘नजर’ आणि ‘नाझर’ हे एकाच धातूपासून झालेले सख्खे भाऊ होत. पाहणारा, लक्ष ठेवणारा तो नाझर. ‘समन्स’ इंग्रजीत सकारान्त एकवचनी आहे, मराठीने ते नपुंसकलिंगी करून घेतले. खेड्यांतून त्याचे ‘समन’ असेही रूप कानी पडते. आणि समन्स ‘बजावतात’, त्यातील ‘बजावणे’ हे फारसी ‘बजा’, म्हणजे ‘जागच्या जागी’, ह्यापासून सिद्ध झालेले मराठी क्रियापद. ज्या जागी पोचावयाचे त्या जागी पोचविले, म्हणजे बजावले. ‘बजावून सांगितले’ ह्या रोजच्या प्रयोगात जी सक्त ताकिदीची छटा आहे, ती हुकूम बजावण्याच्या ह्याच अर्थातून आली असावी. एका लहानशा नोकराभोवती लॅटिन, अरबी, फारसी आणि इंग्रजी अशा चार भाषांचे शब्द जमावेत, ह्यावरून त्या कामावर किती राजवटींचे हात फिरले ते दिसून येईल.

नेमणुकीची आजची रीत सरळ आहे. जिल्हा न्यायालय व त्याच्या अखत्यारीतील दुय्यम न्यायालये ह्यांतील कारकून, बेलिफ, शिपाई इत्यादी सेवकवर्गाची नेमणूक जिल्हा न्यायाधीश करतात. त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. दुय्यम न्यायालयांवरील हे नियंत्रण राज्यघटनेच्या २३५ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाकडे दिलेले आहे. बेलिफाची जागा बहुधा शिपाईवर्गातून बढतीने भरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित भरती केली. तीत लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि ‘शिपाई/हमाल’ अशी पदे होती, बेलिफाचे पद स्वतंत्रपणे नव्हते. म्हणजे आज ज्याला बेलिफ व्हावयाचे आहे तो पहिल्याने ‘शिपाई/हमाल’ म्हणून नोकरीस लागतो. लॅटिन शब्दाचा इतिहास आणि आमच्या न्यायालयांतील बढतीचा क्रम ह्यांचा हा मेळ केवळ योगायोगाचा आहे, पण भाषेच्या अभ्यासकाला त्याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

बढतीने नेमण्यात एक शहाणपणही आहे. न्यायालयाच्या दारात काही वर्षे उभे राहिलेल्या माणसाला वकील, पक्षकार, तारखा आणि कागदांचे प्रकार ह्यांची ओळख झालेली असते. नाझर शहराचे व तालुक्याचे भाग पाडून कोणता बेलिफ कोणत्या भागात जावयाचा ते ठरवितो. वर्ष-दोन वर्षांत त्या बेलिफाला कोणत्या बोळातून कोणत्या वाड्याला मागील दार आहे हेही कळू लागते. उणीव आहे ती शिक्षणाची. जे काम करावयाचे त्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आणि एकविसाव्या आदेशांत विखुरलेले आहेत, आणि ते त्याला मुख्यत्वे जुन्या बेलिफांच्या तोंडून शिकावे लागतात.

मोबदल्याचा इतिहास ह्याहून अधिक मनोरंजक आहे. मराठेशाहीत सरकारातून एखाद्या इसमास बोलावणे जाई तेव्हा ते घेऊन जाणाऱ्या शिपायाचा किंवा जासुदाचा खर्च ज्याला बोलावणे आले त्याच्यावरच बसे. ह्या आकारणीस ‘मसाला’ म्हणत. कागदपत्रांत अमक्याकडून इतके रुपये मसाला घ्यावा अशी आज्ञा आढळते, आणि आजच्या वाचकाला क्षणभर वाटते की मिरी-लवंगांची गोष्ट चालली आहे. दोन्ही मसाले एकच. अरबी ‘मसालिह’ म्हणजे एखाद्या कामाला लागणारे साहित्य. स्वयंपाकाला लागते तेही साहित्य आणि शिपायाच्या फेरीला लागते तेही. हुकूम न मानणाऱ्याच्या दारात मोहसल बसविण्याची चाल होती, आणि तो उठेपर्यंत त्याचा खर्चही त्या घराने सोसावयाचा असे. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ अशा रकमा सरकार घेई. ह्या सर्व व्यवस्थेचे साधार विवेचन डॉ. वि. त्र्यं. गुणे ह्यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंधात आहे. तो येथील डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. सावकाराने स्वतःच ऋणकोच्या दारी माणूस बसवून ‘तगादा’ लावण्याची चाल एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात वर्णिलेली आहे. अशा वेळी न्यायाचा दूत आणि धनकोचा दूत ह्यांत फारसा भेद उरत नसे.

मसाल्याच्या पद्धतीत एक तर्क होता, तो नाकारता येत नाही. सरकारला कोणाच्या तरी मागे माणूस धाडावा लागला, तर ज्याच्यामुळे धाडावा लागला त्याने भरावे. परंतु ज्याच्यावर आरोप अजून सिद्ध व्हावयाचा आहे, त्याच्याकडून आधीच दूताचा खर्च वसूल करणे म्हणजे त्याला अर्धा दोषी ठरविणेच होय. शिवाय रक्कम दूताच्या हातून जाई-येई, तेव्हा दूताचा हात आणि रकमेचा आकडा ह्यांची सांगड पडणे साहजिकच होते.

इंग्रजी अमदानीत हा बोजा उलट बाजूस गेला. ज्या पक्षकाराला कागद पाठवावयाचा त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठ्ठेचाळिसाव्या आदेशात स्पष्ट शब्दांत आले आहे. पैशाची व्यवस्था त्यापूर्वीच १८७० च्या कोर्ट फी कायद्याने लावून दिली होती. त्या कायद्याच्या विसाव्या कलमाने दोन गोष्टींचे नियम करण्याचे काम उच्च न्यायालयावर सोपविले : कागद बजावण्याची फी किती घ्यावी आणि बजावणाऱ्या शिपायांना मोबदला किती द्यावा. फीचा तक्ता इंग्रजीत आणि देशभाषेत न्यायालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावावा, असे एकविसावे कलम सांगते. किती शिपाई लागतील ते जिल्हा न्यायाधीशाने ठरवावे, ही तरतूद बाविसाव्या कलमाची. ह्या तीन कलमांचा एकत्र विचार केला म्हणजे मूळ कल्पना ध्यानात येते. फी आणि मोबदला ह्यांचे नियम करणारा अधिकारी एकच असला तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या गेल्या : पक्षकार देतो ती फी सरकारची, आणि सरकार देते तो मोबदला शिपायाचा. ह्या राज्यात त्या कायद्याची जागा पुढे १९५९ च्या कायद्याने घेतली. तथापि पक्षकाराने मुद्रांकाच्या रूपाने फी भरावी आणि बेलिफाने कोणाकडून काही न घेता कागद न्यावा, ही घडी तीच राहिली.

येथे शब्दाचा आणखी एक धागा सांगण्यासारखा आहे. १८७० च्या कायद्यात ‘बेलिफ’ नव्हे तर ‘प्यून’ हा शब्द आहे. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ पायी चालणारा, पायदळातील सैनिक. फारसीतील ‘प्यादा’ त्याच अर्थाचा, आणि ‘शिपाई’ हाही सैनिकच. न्यायालयाचा कागद नेणाऱ्याला तिन्ही भाषांनी सैनिकाचे नाव द्यावे, ह्यात त्या कामाकडे पाहण्याची जुनी दृष्टी दिसते. उत्तरेकडील न्यायालयांत बजावणीच्या फीला ‘तलबाना’ म्हणतात. ‘तलब’ म्हणजे मागणे, बोलावणे. जुन्या मराठीत मात्र ‘तलब’ म्हणजे पगार. बोलावणे आणि पगार हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत होते. पुढे व्यवहारात त्यांची फारकत करावयास कायद्याला बरेच कष्ट पडले.

फारकत कागदावर झाली तरी प्रत्यक्षात काय होत होते, ह्याचा दाखला पुणे जिल्ह्यातच आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळले. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी गोष्ट प्रकर्षाने आली ती ही, की शेतकऱ्यांविरुद्धच्या हुकूमनाम्यांत एकतर्फी हुकूमनामे फार मोठ्या प्रमाणात होते. काही शेतकरी भीतीने किंवा निराशेने न्यायालयात गेलेच नाहीत, हे खरे. परंतु समन्स आपल्यापर्यंत पोचलेच नाही, सावकाराने शिपायाला हाताशी धरून खोटा शेरा मारविला, ही तक्रारही होती. गावापासून न्यायालय दूर, शिपायाचा पगार तोकडा, आणि त्याला गाव दाखविणारा, घर दाखविणारा व जेवू घालणारा मनुष्य सावकाराचाच. कायद्याने फी आणि मोबदला वेगळे केले होते, पण वाट वेगळी करता आली नव्हती. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांना लागू झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने प्रतिवादीची जबानी घेण्याचा आग्रह धरला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. ह्या कायद्याखालील खास न्यायाधीशाच्या कामाशी महादेव गोविंद रानडे ह्यांचा अनेक वर्षे संबंध होता. माझ्या मते ह्या तरतुदींमागे एक मूक कबुली आहे : शिपायाच्या शेऱ्यावर विसंबून चालणार नाही, प्रतिवादीचे तोंड प्रत्यक्ष पाहिले पाहिजे.

आज बेलिफ हा राज्य शासनाच्या तिजोरीतून मासिक वेतन घेणारा सेवक आहे. त्याला वेतनश्रेणी आहे, महागाई भत्ता व घरभाडे भत्ता आहे, फिरतीसाठी भत्ता आहे. दिवसात किती समन्से बजावली ह्यावर वेतन अवलंबून नाही. न्यायालयीन सेवकांच्या वेतनाचा देशव्यापी विचार १९९६ मध्ये नेमलेल्या शेट्टी आयोगाने केला. आयोग न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमला गेला असला तरी दुय्यम न्यायालयांच्या इतर सेवकवर्गाचा प्रश्नही त्याच्यापुढे होता. तरीही जुनी अडचण अगदीच गेली असे म्हणवत नाही. फिरतीचा भत्ता प्रत्यक्ष फिरतीला पुरत नाही, ही बेलिफांची नेहमीची तक्रार आहे. प्रतिवादीचे घर दाखविण्यासाठी वादी किंवा त्याचा माणूस बरोबर असतो, आणि रिक्षा बहुधा त्याचीच. ह्या रिक्षेत न्यायालयाचा प्रतिनिधी आणि एक पक्षकार शेजारी-शेजारी बसतात, ते दारात उभ्या असलेल्या प्रतिवादीला दिसते. बेलिफ कितीही सचोटीचा असला तरी त्या दृश्याचा अर्थ प्रतिवादी आपल्या परीने लावतो. भत्ता खर्चाप्रमाणे दिला तर हा संशय पुष्कळ कमी होईल; नियमांच्या नव्या पुस्तकाची त्यासाठी गरज नाही.

‘मसाला’ हा शब्द ह्या अर्थाने मराठीतून नाहीसा झाला, पण भाषेने त्याची जागा रिकामी ठेवली नाही. तेथे ‘चहापाणी’ आले. समास द्वंद्व, पण अर्थ चहाचाही नव्हे आणि पाण्याचाही नव्हे. मसाला हा उघड, हिशेबी आणि सरकारी कागदावर लिहिलेला शब्द होता. चहापाणी हा कोठेही न लिहिता येणारा शब्द आहे. कायद्याने जे घेणे बंद केले त्याला भाषेने आडनाव दिले.

आता त्या दोन-तीन ओळींच्या शेऱ्याकडे वळू, कारण लेखाचे प्रयोजन तेथे आहे. समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हाती द्यावयाचे. तो घरी नसेल आणि लवकर सापडण्याचा संभव नसेल, तर कुटुंबातील सज्ञान व्यक्तीच्या हाती देता येते. घरचा नोकर ह्यासाठी कुटुंबातील मानला जात नाही. १९०८ च्या मूळ संहितेत ‘सज्ञान पुरुष’ असे शब्द होते. स्त्री असो वा पुरुष, ही दुरुस्ती १९७६ च्या कायद्याने झाली. कोणी कागद घेण्याचे नाकारले, किंवा वाजवी प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडला नाही, तर प्रत घराच्या बाहेरच्या दारावर डकवावयाची आणि मूळ समन्सावर तसा शेरा लिहून ते परत करावयाचे. घर कोणी ओळखून दाखविले आणि कोणासमक्ष प्रत डकविली, त्यांची नावे व पत्ते लिहावे लागतात. असे समन्स परत आल्यावर शेऱ्यासोबत बेलिफाचे प्रतिज्ञापत्र नसेल, तर न्यायालयाने त्याची शपथेवर तपासणी केली पाहिजे, असे संहिता सांगते.

माझ्या लहानपणी आम्ही राहत होतो त्या वाड्यात मालक आणि भाडेकरू ह्यांचे दावे चालू असत. ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयात चालत. बेलिफ चौकात आला की बिऱ्हाडांची दारे एकामागून एक लागत. समन्स एकाचे असे, पण साक्षीला सही करावी लागू नये म्हणून सगळेच घरात नाहीसे होत. आमची आजी मात्र ओटीवर बसून राही. एकदा त्याने तिला विचारले, “आजी, हे अमके येथेच राहतात ना?” ती म्हणाली, “राहतात. पण मी पाहिलेले नाहीत.” बेलिफाने शेऱ्यात काय लिहिले ते आम्हाला कळले नाही, परंतु ह्या उत्तराचे कायद्याच्या भाषेत रूपांतर करणे सोपे नव्हते, एवढे आज जाणवते.

ह्या शेऱ्यांची एक ठरीव मराठी आहे. ‘सदर इसम मिळून आला नाही’, ‘समक्ष भेटून समजावून सांगितले असता घेण्यास नकार दिला’, ‘दर्शनी दरवाज्यावर डकवून बजावणी केली’ अशी वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ‘मिळून आला नाही’ हा प्रयोग पाहण्यासारखा आहे. त्यात शोधणारा कर्ता नाही. कोणी शोधले, किती वेळा शोधले, कोणत्या वेळी शोधले, हे वाक्य सांगत नाही. न मिळणे हा जणू त्या इसमाचाच गुण आहे. संहितेला हवा असतो तो ‘वाजवी प्रयत्न’, आणि ठरीव वाक्यरचनेत नेमका तोच भाग गळतो. ह्या ठिकाणी व्याकरणाचा प्रश्न हक्काचा प्रश्न होतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते असे दाखविता आले तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, आणि त्यासाठी १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवस मिळतात. परंतु केवळ बजावणीतील अनियमितपणा पुरत नाही. प्रतिवादीला तारखेची माहिती होती असे दिसले तर हुकूमनामा कायम राहतो. मग सारा वाद त्या एका कर्ताहीन वाक्याभोवती फिरतो.

दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, कामात बेलिफाचे अधिकार वाढतात आणि बंधनेही. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी त्याला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व गुरे ह्यांना त्याने हात लावावयाचा नाही. स्थावराची जप्ती आजही कायद्याप्रमाणे ढोल वाजवून किंवा तेथील रूढीप्रमाणे जाहीर करावयाची असते. ऋणकोस कैदेत ठेवावयाचे तर त्याच्या अन्नाचा भत्ता धनकोने आधी न्यायालयात भरला पाहिजे. मसाल्याच्या काळी ज्याच्या दारात दूत बसे त्याने दूताला पोसावयाचे. आता ज्याने कैद मागितली त्याने कैद्याला पोसावयाचे.

परदेशांतील पद्धतींचा येथे केवळ उल्लेख करतो. फ्रान्समध्ये हे काम ‘ह्युइसिए’ करीत. त्या शब्दाचा मूळ अर्थ द्वारपाल. तो सरकारी पगारदार नसून ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे पक्षकाराकडून फी घेणारा व्यावसायिक असे, आणि २०२२ पासून त्याचे पदनाम बदलले तरी ही पद्धत टिकून आहे. इंग्लंडमध्ये कौंटी न्यायालयांचे पगारी बेलिफ आहेत आणि फीवर काम करणारे खाजगी अंमलबजावणीदारही आहेत. आमची पद्धत इंग्लंडच्या पगारी शाखेच्या जवळची. ह्या कामात फी आणि वेतन ह्यांतील निवड म्हणजे वेग आणि निःपक्षपात ह्यांतील निवड आहे असे काही जण मानतात. सुप्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला वेतनाच्या बाजूस झुकणे भाग आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत बेलिफाची मक्तेदारी पुष्कळ कमी झाली. २००२ च्या जुलैपासून लागू झालेल्या दुरुस्तीने टपाल, न्यायालयाने मान्य केलेली कुरिअर सेवा, फॅक्स आणि ई-मेल ह्यांनीही समन्स पाठविता येते. वादीने अर्ज केल्यास न्यायालय समन्स त्याच्याच हाती बजावणीसाठी देऊ शकते. ह्याला आमच्या न्यायालयांत ‘हमदस्त’ म्हणतात. फारसीत त्याचा अर्थ हातात हात असलेला, सोबती. एका पक्षकाराने दुसऱ्याला कागद पोचवावयाचा, ह्या क्रियेला असे नाव मिळावे ह्यातील विनोद शब्द घडविणाऱ्याच्या मनात खचित नसणार.

बेलिफाच्या हातीही आता नवे साधन आले आहे. ई-न्यायालय प्रकल्पातील ‘एनस्टेप’ नावाच्या योजनेत बेलिफ भ्रमणध्वनीवर बजावणीची नोंद करतो; सोबत स्थळाचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि छायाचित्र जाते. ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ ह्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यामुळे शेऱ्याच्या भाषेवर अवलंबून राहिली नाहीत. छायाचित्रात दार दिसते, दारावरचा कागद दिसतो. दाराआड कोणी होते का, हाक मारली का, शेजाऱ्याला विचारले का, हे मात्र अजूनही त्याने शब्दांतच लिहावयाचे असते, आणि लिहिताना तो बहुधा ‘मिळून आला नाही’ असेच लिहितो.